धम्मशीलाबाईंचे बूट

धम्मशीला गजभिये यांच्या ग्लासगोमधल्या फ्लॅटमध्ये बूट घालून आजवर कुणी गेलेलं नाही. गॅसचा मीटर बघायला आलेला माणूस असो, नाहीतर नवा पलंग वर चढवून द्यायला आलेले दोन धिप्पाड तरुण असोत, बाई दारातच हात आडवा करतात आणि बुटांच्या रॅककडे बोट दाखवतात. त्या दोघा तरुणांनी विमा, नियम, जबाबदारी असं बरंच काही सांगून पाहिलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात होता तिथंच ठेवला. शेवटी पलंग सॉक्सवरच आत आला.

यावरून त्या सोवळ्या आहेत असं कुणी समजू नये. सोवळ्याओवळ्याशी त्यांच्या घराण्याचा संबंध आला तो पलीकडच्या बाजूने. वडील मूळचे भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरावरून जाताना यांच्या वस्तीतल्या माणसानं पायातली वहाण काढून हातात धरायची, असा तिथला रिवाज होता. नागपूरला गिरणीत लागल्यावर त्यांनी पहिल्या पगारातून काय घेतलं असेल तर बूट. छप्पन साली दीक्षा घेतली, सत्तावन्नला ही मुलगी झाली. थोरलीचं नाव यमुना होतं. हिचं धम्मशीला ठेवलं. दोघींना त्यांनी बजावून ठेवलं होतं, की वहाण काढायची ती विहारात आणि घरात, आपल्या मर्जीनं. कुणाच्या धाकानं नाही. धाकट्या मुलीनं त्यातला मर्जीचा भाग नीट मनावर घेतला आणि पुढे तीच मर्जी दुसऱ्यांवर चालवायला सुरुवात केली.

ग्लासगोला त्या आल्या त्या लग्न करून. नवरा, मिलिंद, इथं बोटी बांधायच्या कारखान्यात इंजिनिअर होता. बाईंनी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली लोकांचं रक्त पाहिलं. लॅबमधले लोक त्यांना शीला म्हणायचे. नावाचा तेवढाच भाग त्यांना झेपायचा. दर रविवारी चार-सहा कुटुंबं एक कम्युनिटी हॉल भाड्यानं घेऊन जमायची. त्यालाच सगळे विहार म्हणायचे. तिथं मुलांकडून पंचशील पाठ करून घ्यायचं काम बाईंकडे होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रज्ञेश त्याच मुलांत बसून शिकला. मिलिंद गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्याविषयी बाई फारसं बोलत नाहीत, म्हणून आपणही बोलायला नको.

गेल्या जानेवारीत बर्फावरून पाय घसरला आणि बाईंचं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण बर्मिंगहॅमला बँकेत असलेल्या प्रज्ञेशच्या मनात जे मोडलं ते जुळेना. त्यानं आणि त्याची बायको पूर्वी हिनं घराच्या गॅरेजची खोली करून घेतली. खोली चांगली होती. स्वतंत्र दार, मोठी खिडकी, समोर बागेचा तुकडा. बाथरूममध्ये धरून उठायला स्टीलच्या दांड्यासुद्धा बसवल्या होत्या. बाईंना बाकी सगळं आवडलं. त्या दांड्यांचा मात्र मनस्वी राग आला.

"मे महिन्यात मी वेस्ट हायलँड वे चालणार आहे," त्यांनी तिथंच, त्या बाथरूमच्या दारात उभं राहून जाहीर केलं. "एकटी."

ग्लासगोच्या वेशीवरून निघून डोंगर, तळी आणि माळरानं ओलांडत फोर्ट विल्यमला पोचणारी ही पायवाट शहाण्णव मैलांची आहे. लॅबमधले सगळे उन्हाळ्यात ती चालून यायचे, पायाचे फोड एकमेकांना दाखवायचे, आणि ते चालत असताना त्यांच्या शनिवार-रविवारच्या ड्युट्या बाई करायच्या. इतकी वर्षं उशाशी असलेली वाट त्यांनी कधी पायाखाली घातली नव्हती.

"मी पोचले, तर बर्मिंगहॅमचा विषय पुन्हा काढायचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत कुठंही 'ये, मला घेऊन जा' असा फोन मी तुला केला, तर त्याच गाडीतून सरळ इथं येईन. फ्लॅट खुशाल विकायला काढ."

प्रज्ञेशनं हो म्हणायला फार वेळ घेतला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ती गाडी दिसत असणार.

"डील," तो म्हणाला. "पण आई, काही झाला तर तू मला खरं सांगणार. प्रॉमिस?"

"मी कधी खोटं बोललेय?" बाई म्हणाल्या. आणि खरोखरच, त्या बोलल्या नव्हत्या.

आता त्या दिवसाकडे येऊ. निम्मी वाट मागे पडली होती. क्रियनलॅरिख नावाच्या लहानशा गावात रात्रीचा मुक्काम झाला होता आणि तिथून पुढचं गाव, टाइंड्रम, म्हणजे बाईंच्या हिशेबानं विश्रांतीचा दिवस होता, कारण चाल थोडी होती. या वाटेवर सामानाची चांगली सोय असते. मोठी बॅग सकाळी व्हॅनवाल्याच्या हवाली करायची. तुम्ही पोचायच्या आत ती पुढच्या मुक्कामाला पोचलेली असते. पाठीवर फक्त छोटी पिशवी. बाईंच्या पिशवीत पाणी, रेनकोट, मेथीचे पराठे, सॉक्सचा एक कोरडा जोड आणि फोन होता. सपाता मोठ्या बॅगेत होत्या, आणि ती बॅग एव्हाना टाइंड्रममध्ये आरामात पडली होती.

सकाळी भुरभुर पाऊस होऊन गेला होता. स्प्रूसच्या जंगलातून खाली उतरून, हमरस्ता ओलांडून, नदीवरच्या पुलावरून वाट शेतांमध्ये शिरली. मेंढ्या आणि त्यांची नुकती झालेली कोकरं वाटेवरच बसली होती, आणि बाई जवळ आल्या की मोठ्या नाखुशीनं उठत होती. वाटेच्या कडेला कुंपणाच्या खांबावर कुणाचा तरी एका हाताचा लोकरी मोजा अडकवलेला दिसला. ही इथली पद्धत. चालणाऱ्यांपैकी कुणाचं काही पडलं, तर मागून येणारा ते उचलून डोळ्यांना दिसेल असं ठेवतो, नाहीतर पुढच्या गावापर्यंत स्वतः वाहून नेतो. बाईंना ही रीत फार आवडली होती. परवा रात्री प्रज्ञेशच्या मेसेजला उत्तर देताना त्यांनी तिचं कौतुकही केलं होतं.

थोड्या वेळानं उंच झाडांच्या झुबक्यात एका जुन्या मठाचे अवशेष लागले. छप्पर कधीच गेलेलं, भिंती कमरेएवढ्या उरलेल्या, शेजारी थोडी थडगी. इथं शेकडो वर्षांपूर्वी साधू राहत होते, असं पाटीवर लिहिलं होतं. कुठल्या देवाचे, याच्याशी बाईंना कर्तव्य नव्हतं. माणसं इथं डोळे मिटून बसत होती एवढं त्यांना पुरलं. भिंतीला जिथं पूर्वी दार असावं तिथं एक फट होती. फटीशी येताच बाईंचे हात आपोआप नाड्यांकडे गेले. त्यांनी बूट काढले, त्यात सॉक्स घडी करून कोंबले, बूट भिंतीला लावून जोडीनं ठेवले आणि ओल्या गवतातून अनवाणी आत गेल्या.

बूट ओळखू येण्यासारखे होते. एकाची नाडी तपकिरी, दुसऱ्याची जांभळी. मूळची तुटल्यावर घरात सापडली ती लावलेली.

पलीकडच्या भिंतीच्या आडोशाला, रेनकोटची घडी घालून बाई बसल्या. त्या रोज सकाळी ध्यानाला बसतात, आणि बसल्या की ठरवलेली वेळ संपेपर्यंत मांडी मोडायची नाही, डोळे उघडायचे नाहीत, असा त्यांचा नेम आहे. आज सकाळी व्हॅनवाल्याच्या घाईत बसणं राहून गेलं होतं. त्यांनी फोनवर घंटा लावली, डोळे मिटले आणि श्वासाकडे लक्ष दिलं.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे पावलं वाजली. मग एका बाईचा आवाज आला, "हॅलो? कुणी आहे का?" बाईंनी मनात नोंद केली: आवाज. मग पुरुषाचा आवाज आला, "हे बूट कुणाचे आहेत का?" बाईंनी पुन्हा नोंद केली: आवाज. मन जरा हललं, त्याला त्यांनी श्वासावर परत आणलं. ऐकू येणं हे कानांचं काम आहे, त्याच्या मागे धावायचं नाही, हे त्यांनी आजवर किती जणांना समजावून सांगितलं असेल. बाहेर दोघांचं काही कुजबुजून बोलणं झालं. पुन्हा एकदा "हॅलो" झालं. मग पावलं लांब गेली. बाईंना त्या दिवशी ध्यान फार चांगलं लागलं.

घंटा झाली. बाई उठल्या, गुडघे मोकळे केले, प्रसन्न चेहऱ्यानं फटीशी आल्या. बूट नव्हते.

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, भिंतीच्या मागं वाकून पाहिलं. वहाणा जाणं ही गोष्ट त्यांना नवी नव्हती. नागपूरला कार्यक्रमांच्या गर्दीत त्यांच्या चपला दोनदा गेल्या होत्या. पण तिथं निदान दुसऱ्या कुणाच्या तरी घालून घरी येता येतं. इथं होत्या त्या फक्त मेंढ्या.

मग त्यांना सगळं लख्ख कळलं. कुणा भल्या माणसांना बूट सापडले होते, त्यांनी धनी शोधला होता, हाक मारली होती, तीनदा मारली होती. आणि धनीण चार हातांवर बसून आवाजाची नोंद करत होती. बाईंना स्वतःचा असा संताप आला, की एवढं ध्यान पाण्यात गेलं.

त्यांनी फोन काढला. रेंज होती. नंबरांच्या यादीत सगळ्यात वर प्रज्ञेशचं नाव होतं. एक बटण दाबायचं की गाडी येणार, कोरडे सॉक्स येणार, थर्मासमधला चहासुद्धा येणार. आणि मग ती बाग, ती खिडकी आणि त्या दांड्या. दारात आडवा करायला स्वतःचं दार राहणार नव्हतं. मुलाच्या घरात कुणी बूट घालून आलं तर बोलायचा अधिकार सुनेचा, पूर्वीचा. पूर्वी गुणी पोरगी आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात लोक बूट घालून फिरतात.

बाईंनी फोन पिशवीत टाकला, कोरड्या सॉक्सचा जोड पायांत चढवला आणि चालायला लागल्या.

गवतावर ठीक होतं. पुढे शेताचा रस्ता लागला, त्यावर ट्रॅक्टरसाठी टोकदार खडी टाकलेली होती. अशा वेळी माणसाला बाप आठवावा, त्यानं सोसलेलं आठवावं आणि पायांत बळ यावं, अशी आपली अपेक्षा असते. बाईंना खडी सोडून काहीही आठवलं नाही. कडेच्या गवताच्या पट्टीवरून तोल सांभाळत, पट्टी संपली की दात आवळून, त्या एकेक पाऊल टाकत होत्या. सॉक्स आधी ओले झाले, मग डाव्या टाचेला भोक पडलं, मग उजव्याला. वारा पडला तसे मिजेस आले, ते डोळ्यांना धड न दिसणारे चावरे किडे. बाईंनी नाकाडोळ्यांवर ओढणी गुंडाळली. त्या अवतारात त्यांना नागपूरच्या कुणी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

मागून चार चाकांच्या मोटरसायकलवर एक म्हातारा शेतकरी आला. मागे कुत्रा उभा होता. त्यानं बाईंच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा पायांकडे.

"एक जोडपं पुढं गेलंय," तो म्हणाला. "त्यांच्या हातात बूट होते. जास्तीचे."

"माझेच," बाई म्हणाल्या.

"टाइंड्रमला ठेवतो म्हणाले. कुत्र्याला खाली उतरवतो, बसा मागे. सोडतो."

वाहन दारात उभं राहिलं होतं, आणि ते मुलाचं नव्हतं. त्यात बसल्या तर अट मोडली असं कुणी म्हणू शकलं नसतं. बाईंनी क्षणभर कुत्र्याच्या जागेकडे पाहिलंसुद्धा.

"मी ही वाट चालायला निघालेय," त्या म्हणाल्या. "मध्येच बसले तर चालले असं म्हणता येणार नाही."

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. "नाही म्हणता येणार," त्यानं कबूल केलं आणि गाडी हाकली. कुत्रा बराच वेळ वळून बघत होता.

त्याचं घर पुढेच होतं. दगडी, दुमजली, मोठ्या फाटकाचं, अगदी वाटेला लागून. फाटकासमोर बाई पोचल्या तेव्हा सॉक्सच्या चिंध्या पायांत अडकून चिडवायला लागल्या होत्या. त्यांनी वाकून त्या काढल्या आणि हातात धरल्या. आणि तशाच, हातात पायताण घेऊन, अनवाणी, एका मोठ्या घरासमोरून आपण चाललो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा मात्र वडील आठवले. एकदम आठवले, गिरणीच्या तेलाच्या वासासकट. बाईंना रडू आलं. खिडकीत कुणी नव्हतं, कुणी बघत नव्हतं, कुणी काही म्हणणार नव्हतं. तरी त्यांनी चिंध्या खिशात कोंबल्या, दोन्ही हात मोकळे सोडले आणि घर संपेपर्यंत खडीच्या अगदी मधून चालल्या. तेवढ्यात डाव्या पायाला चांगलीच जखम झाली.

पुढे एक ओढा लागला. दगडावर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले होते, तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञेश.

"आई, सगळं ठीक?"

"ठीक."

"पाणी पिली? आवाज कसला येतोय?"

"ओढा आहे. बसलेय जरा."

"ओके." तो म्हणाला. "आणि पाय? पाय ठीक आहे ना? बूट… बूट चावत नाही ना?"

बाईंनी पाण्यातल्या पायांकडे पाहिलं. पाणी त्या बाजूला जरा तांबूस झालं होतं.

"बूट अगदी छान आहेत," त्या म्हणाल्या. "आता सवय झाली."

"ओके, आई," प्रज्ञेश म्हणाला. "मग चाल तू."

फोन ठेवल्यावर बाईंना दोन गोष्टी खटकल्या. एक, नेहमी फोन ठेवताना तो सतरा सूचना करतो, आज एकही केली नव्हती. आणि दुसरी अर्थातच मोठी होती. बूट छान आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. सवय झाली हेही धादांत खोटं होतं. रोज सकाळी पाचही शीलं म्हणायची, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. विहारातल्या पोरांना त्यांनी ते हजार वेळा म्हणायला लावलं असेल. समोर बसलेल्या प्रज्ञेशलाही. एका पोरानं एकदा विचारलं होतं, खोटं बोलल्यानं कुणाचंच नुकसान होणार नसेल तर? बाईंनी त्याला उत्तर दिलं होतं, की बोलणाऱ्याचं होतंच. तेव्हा त्यांना ते उत्तर फार सोपं वाटलं होतं.

उरलेल्या वाटेत खडी कमी आणि चिखल जास्त होता. चिखलाचं बाईंना काही वाटलं नाही. हे खोटंच जास्त टोचत होतं. आपलं घर राखायचं म्हणून आपण मुलाला फसवलं, आणि तो बिचारा "ओके आई" म्हणून निमूट बसला. दर शंभर पावलांवर त्या ठरवत होत्या, की आता फोन करून खरं सांगावं. आणि दर शंभर पावलांवर ती गॅरेजची खोली डोळ्यांपुढे येत होती.

टाइंड्रम म्हणजे हमरस्त्याच्या कडेची चार घरं, दुकानं आणि एक कॅफे. बाई कॅफेच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या पायांना घोट्यापर्यंत चिखल होता आणि त्याखाली रक्त. दाराजवळच्या टेबलाखाली बूट होते. एक नाडी तपकिरी, एक जांभळी. टेबलाशी बसलेली निळ्या टोपीची बाई त्यांचे पाय बघून ताडकन उभी राहिली.

"अरे देवा," ती म्हणाली. "तुम्ही तिथंच होतात?" ती आणि तिचा नवरा हॉलंडचे होते. बोलताना तिला धड श्वास घेता येत नव्हता. "आम्हाला वाटलं, कुणीतरी सँडल घालून पुढं गेलं आणि बूट पिशवीवरून पडले, ते मागच्या कुणीतरी उचलून भिंतीशी ठेवले. आम्ही हाक मारली हो. खूप हाका मारल्या."

"मी ऐकल्या," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे."

नवऱ्यानं खुर्ची पुढे केली, गरम पाणी मागवलं आणि अपराधी चेहऱ्यानं सांगायला लागला. "इथं पोचल्यावर आम्ही बुटांचा फोटो चालणाऱ्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. पाचच मिनिटांत तुमच्या मुलाचं उत्तर आलं. आम्ही म्हटलं, बूट घेऊन मागं पळत जातो. पण तो नको म्हणाला."

"कोण?"

त्यानं फोन पुढे धरला. वर बुटांचा फोटो होता. खाली प्रज्ञेश गजभिये या नावानं इंग्रजीत लिहिलं होतं: हे माझ्या आईचे बूट आहेत. कृपा करून परत घेऊन जाऊ नका. टाइंड्रमला ठेवा. ती येईल.

बाईंनी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. उत्तर आलं होतं त्या वेळेकडे पाहिलं. ओढ्यावर फोन आला त्याच्या आधीची वेळ होती.

निळ्या टोपीची बाई गरम पाण्यात रुमाल बुडवून देत होती, तो त्यांनी घेतला आणि तसाच हातात ठेवला. मग फोन काढून सगळ्यात वरचं नाव दाबलं. अर्ध्या रिंगलाच फोन उचलला गेला.

"आई? तू फोन केला."

"घेऊन जा म्हणायला नाही केला. मघाशी मी तुझ्याशी खोटं बोलले. बूट नव्हते पायात. ते सांगायला केलाय."

"आय नो."

"माहीत होतं तर विचारलंस कशाला?"

"तुला सांगायचं असेल तर तू सांगशील म्हणून," प्रज्ञेश म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू नाही सांगितला. मग मी पण नाही बोललो. कार की हातात घेऊन बसलो होतो. मला वाटला, बघू जमतंय का."

"मला?"

"नाही. मला."

बाईंनी हातातला रुमाल टाचेवर दाबला. कॅफेत कुणाच्या तरी कपबशीचा आवाज झाला, तो फोनमध्येही ऐकू गेला असावा. मग त्यांना एक शंका आली.

"बर्मिंगहॅमहून निघाला असतास तर पोचेपर्यंत रात्र झाली असती. किल्ली घेऊन काय उपयोग?"

पलीकडे किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"प्रज्ञेश."

"मी बर्मिंगहॅममध्ये नाही. क्रियनलॅरिखमध्ये आहे. पहिल्या दिवसापासून एक गाव मागे आहे. लॅपटॉप घेऊन. तो चालणाऱ्यांचा ग्रुप पण जॉइन केला. पूर्वीला माहिती आहे. रागावू नको."

क्रियनलॅरिख गाडीनं दहा मिनिटांवर होतं. बाईंना राग आलाच. ही चक्क पाळत होती, आणि ती त्या बोलूनही दाखवणार होत्या. पण त्याच्या आधी त्यांना ओढ्यातलं ते तांबूस पाणी दिसलं, आणि तिथून दहा मिनिटांवर गाडीची किल्ली मुठीत धरून बसलेला, हाकेची वाट बघणारा, हाक न आल्यामुळे जागचा न हललेला आपला मुलगा दिसला. इतका वेळ न हलता बसणं त्यांना स्वतःला कधी जमलं नव्हतं.

"ये," त्या शेवटी म्हणाल्या. "घेऊन जायला नाही. चहाला ये. आणि कोरडे सॉक्स आण."

प्रज्ञेश आला तेव्हा बाईंचे पाय धुऊन झाले होते आणि हॉलंडची बाई त्यांच्या टाचेला पट्टी लावत होती. काचेच्या दारापलीकडे तो दिसला. अडतीस वर्षांचा, पोट थोडं सुटलेला, हातात सॉक्सचे तीन जोड. पायांत चालायचे कोरे करकरीत बूट होते; त्यांना अजून चिखल लागला नव्हता. दार उघडून तो आत पाऊल टाकणार, तेवढ्यात त्याला आई दिसली, आणि तो उंबऱ्यावरच थबकला. मग वाकून त्यानं नाड्या सोडल्या, बूट काढले आणि बाहेर भिंतीला लावून जोडीनं ठेवले. भर कॅफेत लोक बघत होते. तो सॉक्सवर आईसमोर येऊन उभा राहिला. त्याला रडू आवरत नव्हतं.

बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी ते आत घेऊन ये," त्या म्हणाल्या. "इथं लोक फार चांगले आहेत. उचलून नेतील."